स्वाराची बैठक : खोगिरापासून मोटारसायकलपर्यंत

मराठी भाषेतून घोडा अजून पुरता पायउतार झालेला नाही. एखाद्या कामात स्थिरावलेल्या माणसाविषयी आपण म्हणतो, त्याची मांड पक्की आहे. दूरचा पल्ला आपण मजल दरमजल करीत गाठतो. अवघड कार्यास लागावयाचे तर कंबर कसतो. आणि कोणी निरर्थक मजकुराने पाने भरली तर तिला खोगीरभरती म्हणून मोकळे होतो. हे सारे शब्द लांबच्या प्रवासातून, आणि बहुतेक घोड्याच्या पाठीवरून आपल्या बोलण्यात उतरले आहेत. त्यांत स्वाराने कसे बसावे, याविषयीचे एक जुने शहाणपण साठलेले आहे. त्या शहाणपणाचे पुढे काय झाले, आणि ते हरवल्यामुळे आपल्या सीमाभागातील हजारो दुचाकीस्वारांच्या पाठीवर काय ओढवले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

कोल्हापूर सोडून दक्षिणेस निघालेला हमरस्ता निपाणीस येतो, तवंदीचा घाट ओलांडतो, आणि कणगले, संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी अशी गावे मागे टाकीत काकतीवरून बेळगावात शिरतो. निपाणी ते बेळगाव हे अंतर सुमारे ७५ किलोमीटरांचे. पूर्वीचा पुणे-बंगळूर रस्ता तो हाच. आजचा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. या रस्त्याने उद्यमबागेतील कारखान्यांकडे जाणारा कामगार, तंबाखूच्या व्यवहारासाठी फिरणारा अडत्या, दुधाच्या किटल्या लटकावून निघालेला गवळी, औषधांच्या पिशव्या घेऊन गावोगाव हिंडणारा विक्रेता, असे कितीतरी लोक मोटारसायकलवरून जातात. त्यांच्यासाठी हा शौकाचा प्रवास नव्हे. ती त्यांची रोजची भाकरी आहे. आणि रात्री घरी परतल्यावर कंबर धरून उतरणे, हेही त्यांच्यापैकी अनेकांच्या दिनक्रमाचा भाग होऊन बसले आहे.

दोनशे वर्षांपूर्वी याच मुलुखातून घोडेस्वारांची पथके जात असत. निपाणीच्या देसाई-निंबाळकर घराण्यातील सिदोजीराव, म्हणजेच आप्पासाहेब निपाणकर, हे पेशवाईच्या अखेरच्या काळातील एक नामांकित सरदार. त्या काळच्या मराठी फौजेत स्वारांचे दोन प्रकार असत. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. दोघांनाही दिवसचे दिवस घोड्याच्या पाठीवर काढावे लागत. मग त्यांच्या पाठीचे काय होत असेल?

त्याचे उत्तर त्यांच्या बैठकीच्या घडणीत सापडते. खोगीर म्हणजे जाड कापड, लोकर, नमदा यांचे थर घालून शिवलेली गादी. तिच्या आत काय भरले आहे ते वरून दिसत नसे. म्हणूनच हाताला येईल त्या चिंध्या-काथ्याने ती भरण्याची चाल पडली, आणि खोगीरभरती हा शब्द निंदेचा झाला. परंतु स्वाराचा सारा भार त्या गादीवर कधीच नसे. भाराचा एक वाटा मांड्यांनी उचललेला असे. घोड्याच्या दोन्ही अंगांस मांड्या घट्ट लावून बसणे, हीच ती मांड. दुसरा वाटा रिकिबीतील पायांवर असे. खाचखळगा आला, ओढा उतरावयाचा झाला, की स्वार रिकिबीवर भार देऊन बैठकीवरून किंचित उचलला जाई आणि हिसका गुडघ्यांत विरून जाई. तिसरी गोष्ट कमरेची. शेला किंवा दुपेटा कमरेभोवती आवळून बांधलेला असे, त्यामुळे धड ताठ ठेवण्याची जाणीव स्वारास क्षणोक्षणी राही. मऊपणाचा वाटा या साऱ्यात लहानच होता. आसनाचे सुख हे भाराच्या वाटणीत असते, ही गोष्ट त्या स्वारास कोणी पुस्तकातून शिकविली नव्हती. ती त्याच्या अंगवळणी पडलेली होती.

याहूनही एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. त्या काळी पाठीची चिंता फार मोठी होती, पण ती घोड्याच्या पाठीची. खोगीर एका बाजूस सरकले, तंग सैल राहिला, आत एखादी गाठ उरली, तर घोड्याच्या पाठीस जखम पडे आणि तो घोडा कामातून जाई. शिलेदाराचा घोडा गेला की त्याची शिलेदारीच धोक्यात येई. म्हणून मुक्कामावर पोहोचताच आधी तंग सोडावयाचा, खोगीर उतरवून पाठ चाचपावयाची, खरारा करावयाचा, चंदी द्यावयाची आणि मग स्वतःच्या भाकरीकडे वळावयाचे, अशी शिस्त असे. मजल या शब्दात चालणे जितके आहे तितकेच थांबणेही आहे. घोड्यास विसावा द्यावाच लागे, आणि त्याच्या निमित्ताने स्वारालाही तो आपोआप मिळे.

स्त्रियांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. बेळगावच्या वेशीपाशी असलेले काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे जन्मस्थान. १८२४ साली इंग्रजांशी झुंज देणाऱ्या या राणीने लहानपणीच अश्वारोहण व शस्त्रविद्या यांचे शिक्षण घेतले होते, असे परंपरा सांगते. तिच्या अश्वारूढ पुतळ्यांत ती घोड्यावर मांड ठोकून बसलेली दिसते. त्याच काकतीवरून आज मोटारसायकलच्या मागे एका बाजूस दोन्ही पाय सोडून, कमरेतून पिळवटून बसलेल्या कित्येक भगिनी रोज जातात. त्यांच्याविषयी पुढे बोलू.

१८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि तेथे लष्करी छावणी वसली. छावणीबरोबर विलायती जीन आले. लाकडी सांगाड्यावर कातडे ताणून केलेल्या या जिनास दोन बाजूंना दोन गाद्या आणि मधोमध पोकळी असे, ती अशासाठी की घोड्याच्या कण्यावर भार पडू नये. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कातडीकामातूनच सायकलची बैठक जन्मास आली. इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे जॉन बोल्टबी ब्रुक्स याने १८६६ साली घोड्याचे साज व कातडी वस्तू करण्याचा कारखाना काढला. त्याचा घोडा मेला, तो सायकलवर बसू लागला आणि तिच्या कठीण बैठकीने हैराण झाला, अशी हकीकत सांगतात. ते कसेही असो, १८८२ साली त्याने सायकलच्या बैठकीचे पेटंट घेतले हे खरे. कातडे झोळीसारखे ताणावयाचे आणि खाली स्प्रिंगा द्यावयाच्या, ही त्या धर्तीची रचना. वापरता वापरता ते कातडे बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे आकार घेई. पायातील चामडी चप्पल जशी काही महिन्यांनी आपल्याच पावलाची होते, तशीच ही गोष्ट. निपाणी, अथणी, कोल्हापूर या टापूतील वाचकांस हे अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही. कोल्हापुरी चपलेस २०१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकाचेही चार जिल्हे आहेत आणि बेळगाव त्यांतील एक आहे.

सायकलला इंजिन जोडले गेले आणि मोटारसायकल अवतरली. १८८५ साली जर्मनीत डायम्लर व मायबाख यांनी जी पहिली गाडी केली, तिचा सांगाडा लाकडाचा होता आणि त्यावर घोड्याच्या जिनासारखी कातडी बैठक होती. डायम्लरच्या मुलाने ती चालविली तेव्हा बैठकीखालीच असलेल्या इंजिनाच्या तापत्या नळीमुळे त्या बैठकीने पेट घेतला, अशी नोंद आहे. मोटारसायकलच्या बैठकीच्या इतिहासाचा प्रारंभ असा अक्षरशः चटक्यानेच झाला!

पुढील साठ वर्षे बैठकीकडे कारागिरांचे चांगले लक्ष होते, आणि त्याचे कारण साधे होते. मागील चाक सांगाड्यास थेट जखडलेले असे. मध्ये धक्का शोषणारे काही नसे. रस्त्याचा प्रत्येक दगड स्वाराच्या कण्यापर्यंत पोहोचे. तेव्हा धक्का अडवावयाचा तो बैठकीनेच. अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९१२ साली बैठकीच्या खालच्या नळीतच स्प्रिंग बसविली. दुसऱ्या महायुद्धात निरोप्ये जवान ज्या बीएसए एम-२० व नॉर्टन १६-एच या गाड्या चालवीत, त्यांचे मागील चाकही असेच जखडलेले होते आणि स्वारासाठी स्प्रिंगांची रुंद बैठक होती.

या निरोप्या जवानांवरून एक बोधप्रद गोष्ट आठवते. १९३५ साली टी. ई. लॉरेन्स हा प्रसिद्ध इंग्रज मोटारसायकलच्या अपघातात मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यवैद्य होते. त्यांनी पुढे लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिरस्त्राणाचे, म्हणजे आजच्या हेल्मेटचे शास्त्र उभे राहण्यास त्या अभ्यासाचा मोठा आधार झाला. डोक्यास असा वकील लाभला, कारण डोक्याची इजा माणसास एका क्षणात संपविते. पाठीचे दुखणे मारीत नाही. ते वीस वर्षे सोबत करते. म्हणून पाठीची फिर्याद लवकर कोणी ऐकली नाही.

युद्ध संपल्यावर मोटारसायकलच्या घडणीत मोठा पालट झाला. मागील चाक हलत्या बाहीवर बसवून तिला स्प्रिंगांचे दोन खांब देण्याची पद्धत रूढ झाली. रॉयल एनफिल्डची बुलेट १९४८-४९ च्या सुमारास या नव्या रचनेसह पुढे आली. १९५० साली नॉर्टनच्या नव्या सांगाड्यास तर, त्यावर बसणे म्हणजे पिसांच्या गादीवर बसणे, या एका शर्यतपटूच्या उद्गारावरून नावच पडले. आता धक्का चाकाशीच शोषला जाऊ लागला, तेव्हा बैठकीखालील स्प्रिंगांची गरज काय, असा विचार झाला. स्वाराचे स्वतंत्र आसन हळूहळू गेले आणि त्या जागी दोघांना पुरेल अशी एकसलग लांब गादी आली. सोय झाली यात शंका नाही. परंतु पाठीमागे थोडी उंच, पुढे निमुळती, मांड्यांना जागा देणारी अशी जी आकारयुक्त बैठक होती, तिची जागा एका सपाट फळीने घेतली.

याच सुमारास मोटारसायकल आपल्या देशात घडू लागली. लष्कराने बुलेट स्वीकारल्यावर १९५५ साली मद्रासेत एनफिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव व निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. आणि १९६१ मध्ये त्याच राज्यातील म्हैसूर शहरी आयडियल जावा कंपनीच्या जावा गाड्या तयार होऊ लागल्या. १९७३ पासून त्या येझ्दी नावाने विकल्या गेल्या आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. १९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० आली, आणि थोड्या पेट्रोलात दूर जाणाऱ्या हलक्या गाड्यांचे युग सुरू झाले. मोटारसायकल हौशी माणसाच्या हातून निघून शेतकऱ्याच्या व कामगाराच्या दारी आली, ही या इतिहासातील सर्वांत मोठी घटना होय. पण तिच्याबरोबर बैठकीचा विचार दारी आला नाही.

बैठकीच्या पोटातही दरम्यान बदल होत गेले. काथ्या आणि घोड्याचे केस गेले, रबराचा फेस आला; आणि १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी शोधलेल्या पॉलियुरेथेनपासून होणारा हलका फोम १९५० नंतर सर्वत्र पसरला. हा फोम स्वस्त आहे, हवा तसा साच्यात ओतता येतो. त्यामुळे बैठकीचा आकार स्वाराच्या हाडांप्रमाणे ठरण्याऐवजी गाडीच्या दिसण्याप्रमाणे ठरू लागला. पुढे उतरती, मागे चढती, अशी ऐटबाज बैठक दुकानात मोहक दिसते. तीवर बसलेला स्वार मात्र प्रत्येक ब्रेकसरशी टाकीकडे घसरतो आणि दिवसभर हातांनी स्वतःस मागे लोटीत राहतो.

यात बिघडते काय, हे शरीरशास्त्र स्पष्ट सांगते. आपण बसतो तेव्हा भार कटीच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर येतो. ती हाडे टणक आधारावर असली तर कटी सरळ राहते आणि कमरेचा नैसर्गिक, आत वळलेला बाक टिकतो. गादी फार मऊ असली की हाडे खाली बुडतात, कटी मागे कलते, तो बाक नाहीसा होतो आणि पाठ कमानीसारखी वाकते. मग मणक्यांमधील चकत्यांवर पुढच्या बाजूने दाब वाढतो. स्वीडनचे आल्फ नाखेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांतील चकत्यांमधला दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा आधाराविना बसण्यात उभे राहण्याहून अधिक दाब आढळला. हा फरक त्यांनी सांगितला तेवढा मोठा नसावा, असे नंतरच्या काही मोजमापांवरून दिसले. पण वाकून बसणे चकत्यांना मानवत नाही, हा मुद्दा कायम राहिला. याखेरीज कंपनाचा उपद्रव आहेच. सेकंदास सुमारे ४ ते ८ वेळा होणारी खालीवर हालचाल माणसाच्या धडास सर्वाधिक बाधते; शरीरावरील कंपन मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९७४ साली निघाले, त्यातही ही गोष्ट नमूद झाली आहे.

तेव्हा निपाणीहून बेळगावला रोज जाणाऱ्याने काय करावे? पहिली गोष्ट, अधिक मऊ गादीच्या मागे लागू नये. बैठका शिवून देणारे कारागीर प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. त्यांच्याकडे जाऊन खाली दाट व टणक फोम आणि वर पातळसा मऊ थर, अशी मागणी करावी. बैठक पुढे उतरती असल्यास ती सपाट करून घ्यावी. स्वाराच्या मागे, कटीच्या पातळीवर, चार बोटे उंचीचा उठाव करवून घ्यावा. एवढ्या उठावानेही कटी मागे कलण्यास अटकाव होतो. स्वाराच्या पाठीस खुर्चीसारखी टेक मात्र शोधू नये. गाडी वळताना, थांबताना, पाय टेकताना धड मोकळे असावे लागते. दुसरी गोष्ट, गॅरेजमध्ये ज्याला 'शॉकअप' म्हणतात त्या मागील स्प्रिंगा आपल्या वजनास व ओझ्यास जुळवून घ्याव्यात आणि चाकात हवा योग्य ठेवावी. शॉकअप निकामी झालेल्या गाडीवर कितीही सुंदर गादी घातली तरी ती खोगीरभरतीच ठरते.

तिसरी गोष्ट, जुन्या स्वारापासून शिकावी. गतिरोधक दिसला की वेग कमी करून पायटेकूंवर भार द्यावा आणि बैठकीवरून किंचित उचलावे. मोटारसायकलची रिकीब ती हीच. गुडघ्यांनी टाकी हलकेच धरावी. हीच आजची मांड. कमरेस रुंद पट्टा बांधला तर ताठ बसण्याची आठवण राहते, परंतु पट्टा कण्याचा भार उचलीत नाही, आणि स्नायूंचे काम त्याच्यावर सोपविणे बरे नव्हे. पाऊणएक तास झाला की संकेश्वरास किंवा हत्तरगीस उतरावे, चार पावले चालावे, कंबर मागे ताणावी. पायात मुंग्या, बधिरता किंवा कळ उतरू लागली, तर मात्र गादीचा विचार सोडून डॉक्टरांचे दार गाठावे.

मागे बसणाऱ्याचाही हक्क आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मागील माणसास नीट घट्ट बसविलेली योग्य बैठक असावी असे सांगितले आहे. १९८९ च्या नियमांत हातास धरावयास मूठ, पायटेकू आणि वस्त्र चाकात जाऊ नये म्हणून आडोसा सक्तीचा केला आहे. एका बाजूस बसणाऱ्या स्त्रीचा कणा सारा वेळ पिळलेला असतो आणि तिचा तोलही कच्चा असतो. जिला शक्य आहे तिने दोन्ही बाजूंस पाय टाकून बसण्यात संकोच मानण्याचे कारण नाही. काकतीच्या कन्येने तो मानला नव्हता.

श्रोतेहो, जुना शिलेदार मुक्कामास पोहोचल्यावर आधी घोड्याची पाठ चाचपीत असे, कारण त्या पाठीवर त्याची चाकरी अवलंबून होती. आज घोडा लोखंडाचा झाला. त्यास पाठ दुखत नाही. चाकरी अवलंबून आहे ती आता स्वाराच्याच पाठीवर, आणि घरातील चार माणसांची भाकरीही तिच्यावरच. नवी गाडी घेताना आपण तिचा रंग पाहतो, एका लिटरात किती धावते ते विचारतो. पुढच्या खेपेस दुकानदारास सांगून पंधरा मिनिटे नुसते बैठकीवर बसून पाहावे, आणि जिच्या पाठीवर संसार चालतो, त्या व्यक्तीस ती मानवते की नाही हेही विचारून घ्यावे.